घर ते शाळा : एका किलोमीटरचा मागोवा

जून १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या दप्तरात धारवाडहून एक अर्ज दाखल झाला. अर्जदार महार समाजातला एक मुलगा. नेहमीची फी भरायला आपण तयार आहोत, तरीही धारवाडच्या सरकारी शाळेत आपल्याला दाखल करून घेत नाहीत, एवढीच त्याची तक्रार होती. २१ जुलै १८५६ रोजी सरकारने त्यावर ठराव केला. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे त्या ठरावात उघड मान्य केले होते. मात्र एकट्यादुकट्यासाठी शतकानुशतकांच्या समजुतींना एकदम हात घातला तर एकूण शिक्षणाच्याच कामाला धक्का बसेल, असे म्हणून सरकारने अंग काढून घेतले. प्रकरण तिथेच मिटले नाही. पत्रव्यवहार वर गेला, वरून विचारणा झाली, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला आपले धोरण जाहीर करावे लागले. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेला खुल्या राहतील, आणि ज्या अनुदानित शाळा जातीच्या किंवा वंशाच्या कारणावरून कोणाला शिक्षण नाकारतील त्यांची मदत बंद करण्याचा अधिकार सरकार राखून ठेवील, असे ते धोरण होते. पुढे सत्तर वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन ठेवले, त्यात हा धारवाडचा कागद त्यांनी शोधून काढून मांडला. शाळेच्या प्रवेशाचे आपल्याकडचे पहिले लेखी धोरण शोधायला निघालो, तर आपण अखेर या कागदापाशी येऊन पोचतो.

त्याआधी धोरण नव्हते असे मात्र नाही. फक्त ते कुठे लिहिलेले नव्हते. पंतोजीची शाळा कोणाच्या तरी ओसरीवर, देवळात नाहीतर धर्मशाळेत भरे. पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवायची, पाढे, परवचे, मोडी वळण, आणि महिन्याकाठी थोडे पैसे, सणासुदीला शिधा, असा सगळा व्यवहार. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या आणि त्याच्या लगतच्या काळात इलाख्यातल्या शाळांची मोजदाद झाली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि त्यांत सुमारे ३५ हजार विद्यार्थी, असा आकडा निघाला. यातल्या फारच थोड्या शाळा सरकारी होत्या. बाकी साऱ्या गावोगावच्या. कोणाच्या मुलाने तिथे बसायचे आणि कोणाच्या मुलाने त्या ओसरीकडे फिरकायचेही नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. लेखी नियमाविरुद्ध अर्ज करता येतो. रूढीविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा? वुडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, आणि त्याच्यासोबत दाखलखारीज, हजेरीपट, तपासनीस, शेरे असा सारा कागदी संसार आला. सरकारी कागदांना आपण कितीही नावे ठेवली, तरी धारवाडच्या मुलाला दाद मागायला जागा मिळाली ती या कागदांमुळेच.

दार उघडत नसेल तर दुसरी शाळा काढावी, हा जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांचा मार्ग. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि १८५२ च्या सुमारास महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. पण जोतीरावांनी सरकारकडे जे मागितले, ते वेगळ्या शाळांच्या पलीकडचे होते. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सरकार रयतेकडून शेतसारा आणि पट्ट्या गोळा करते आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. हा आक्षेप ध्यानात ठेवू या, कारण पैसा कोणाचा आणि जागा कोणाला हा प्रश्न पुढच्या दीडशे वर्षांत अनेकदा वर येणार आहे.

१८५८ चे धोरण जाहीर झाले, पण जाहीर झालेले धोरण वर्गात पोचायला किती काळ लागतो याचा दाखला साताऱ्यात मिळतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरात अनुक्रमांक १९१४. ती नोंद आजही दाखवली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद नियमाप्रमाणे झाली होती, सहीशिक्का बरोबर होता. त्या काळातल्या शाळेत बसायला मात्र या मुलाला घरून गोणपाट न्यावे लागे आणि पाणी प्यायचे तर शिपायाने वरून ओतल्याशिवाय मिळत नसे. प्रवेशाच्या इतिहासात रजिस्टर आणि वर्ग यांत असे अंतर वारंवार आढळते. केवळ रजिस्टर वाचणाऱ्याची फसगत होते.

इथवर प्रश्न होता तो कोणाला घ्यायचे हा. किती दूरच्या मुलाला घ्यायचे हा प्रश्न शिक्षणात उशिरा शिरला, आणि तोही वेगळ्याच दाराने. त्यासाठी आपल्याला १८७० च्या इंग्लंडमध्ये जावे लागते. त्या वर्षीच्या फॉर्स्टरच्या शिक्षण कायद्याने स्थानिक शाळा मंडळांना हजेरीची सक्ती करण्याचे अधिकार दिले. सक्ती आली की शिक्षा आली, आणि शिक्षा आली की सबब आली. मूल शाळेत न पाठवल्याबद्दल बापाला कोर्टात उभे केले, तर कोणती सबब योग्य मानायची, हे कायद्याला सांगावे लागले. मूल आजारी असणे ही एक सबब. दुसरी अशी की, जवळच्या रस्त्याने मोजले असता तीन मैलांच्या आत, किंवा मंडळ त्याहून कमी ठरवील तितक्या अंतरात, शाळाच नसणे. घर ते शाळा हे अंतर कायद्याच्या पुस्तकात प्रथम आले ते असे, गरीब बापाला दंडापासून वाचवण्यासाठी. मुलाचा हक्क, शाळेचे कर्तव्य, प्रवेशातला अग्रक्रम, यांपैकी काहीच त्यात नव्हते.

सक्ती इंग्लंडहून हिंदुस्थानात यायला फार वेळ लागला नाही, पण ती आणली संस्थानिकांनी. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात तो लागू केला. त्यांचा दाखला हाताशी धरून गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात आपले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते आज वाचले की त्याच्या सावधपणाचे नवल वाटते. सक्ती फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना, तीही स्थानिक संस्थेने मागितली तर. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. आणि मैलाभराच्या आत शाळा नसेल तर सक्ती नाही. इंग्लंडचे तीन मैल गोखल्यांच्या हातात एक मैल झाले. एवढे मवाळ विधेयकही मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसे आपले जमीनदारही होते. पुढे विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ मध्ये मुंबई इलाख्याचा प्राथमिक शिक्षण कायदा झाला आणि नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. पुढच्या सक्तीच्या कायद्यांतून मैलाच्या आसपासचाच हा हिशेब चालू राहिला.

गोखल्यांचा मैल दिल्ली-सिमल्याच्या फायलींत अडकला असताना कोल्हापुरात काम पुढे गेले होते. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एक रुपया त्या काळी रोजंदारी करणाऱ्या माणसाला लहान रक्कम नव्हती. पण प्रवेशाच्या दृष्टीने मला त्यांचा दुसरा हुकूम अधिक मोलाचा वाटतो. सप्टेंबर १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतर मुलांच्या सरकारी शाळांत दाखल करायला सांगितले. सयाजीरावांनी, मिशनऱ्यांनी, खुद्द सरकारने वेगळ्या शाळा काढल्या होत्या, आणि त्यांचा त्यांच्या काळी उपयोगही झाला होता. शाहूंनी त्यापुढचे पाऊल टाकले : गावातली शाळा एक आणि ती गावातल्या सगळ्यांची. पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळातही सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा रावबहादूर सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे तो ठराव आपल्याला पाणवठ्यांसाठी आठवतो. त्यात सार्वजनिक शाळांचाही उल्लेख होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम २९(२) ने १८५८ चे ते धोरण मूलभूत हक्काच्या पातळीवर नेले. सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. या कलमाची शालेय प्रवेशातली पहिली मोठी कसोटी नाशिकजवळच्या देवळालीत लागली, आणि गंमत अशी की प्रवेश नाकारायला लावणारे सरकारच होते. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई राज्य सरकारने परिपत्रक काढले की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज कोणाचीही मुले घेऊ नयेत. हेतू देशी भाषांच्या भल्याचा होता. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलने त्यामुळे दोन मुलांना प्रवेश नाकारला. एक मूल भारतीय ख्रिस्ती कुटुंबातले, दुसरे गुजराती हिंदू. शाळा चालवणारी संस्था आणि पालक उच्च न्यायालयात गेले, काही आठवड्यांत जिंकले, आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही परिपत्रक घटनाबाह्य ठरवले. हेतू चांगला असला तरी त्यासाठी मुलाला दारातून परत पाठवता येत नाही, असा त्याचा अर्थ. मराठी शाळांची आजची अवस्था पाहताना या परिपत्रकाबद्दल कोणाला हळहळ वाटली तर ती मी समजू शकतो. पण निकाल बरोबर होता.

आता आपण १९६० च्या दशकात येतो. रस्त्यांवरचे मैलाचे दगड किलोमीटरचे होऊ लागले होते आणि शिक्षणाची नवी मोजणी सुरू झाली होती. जुलै १९६४ मध्ये दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सदस्य-सचिव होते जयंत पांडुरंग तथा जे. पी. नाईक. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस. तरुणपणी धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीत त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. म्हणजे शाहूंचे संस्थान आणि त्या १८५६ च्या अर्जाचा मुलूख, दोन्ही त्यांच्या पायाखालून गेलेले. जून १९६६ मध्ये आयोगाने अहवाल दिला. आपल्याकडे शिक्षणच वर्गावर्गांतली दरी रुंदावते आहे, असे निदान त्यात रोखठोक केले आहे : पैसेवाल्यांची मुले फीच्या शाळांत, बाकीच्यांची फुकटच्या आणि निकृष्ट शाळांत. उपाय म्हणून आयोगाने परिसर शाळा सुचवली. प्रत्येक शाळेत तिच्या परिसरातली सर्व मुले यावीत. जात, धर्म, मिळकत, प्रतिष्ठा काही पाहू नये.

यामागची आयोगाची दोन कारणे मुळातून समजून घेण्यासारखी आहेत. सामान्यांच्या मुलांबरोबर वाढणे हा चांगल्या शिक्षणाचाच भाग आहे, हे एक. श्रीमंतांची मुले त्याच शाळेत गेली तर श्रीमंत त्या शाळेकडे लक्ष देतील, हे दुसरे. दुसऱ्या कारणात नाईकांचा व्यवहार दिसतो. तहसीलदाराचा मुलगा ज्या शाळेत बसतो तिचे छप्पर पावसाळ्याआधी दुरुस्त होते, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. हे एकदम होणार नाही म्हणून आयोगाने वीस वर्षांची मुदत सुचवली : आधी सगळ्या शाळा किमान दर्जाला आणायच्या, मग प्राथमिकच्या खालच्या वर्गांपासून परिसर शाळा लागू करायची. फॉर्स्टरच्या कायद्यात बापाची सबब असलेले अंतर इथे समाज एकत्र आणायचे साधन होते. आपल्या या मागोव्यातले हे सर्वांत उंच ठिकाण, आणि तिथून पुढे उतारच लागला. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळा पद्धतीचा उल्लेख आला, १९८६ च्या धोरणातही आला. अंमलबजावणीची जबाबदारी मात्र कोणावर टाकली नव्हती.

वीस वर्षांची मुदत सरली तेव्हा मुंबई-पुण्यात काय चालले होते? बालवाडीच्या फॉर्मसाठी पहाटेपासून रांगा. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाची मुलाखत, आणि त्याच्यापेक्षा कडक मुलाखत आईची. इमारत निधीच्या नावाखाली डोनेशन. ओळख, चिठ्ठी, आमदाराचे पत्र. १९८७ मध्ये महाराष्ट्राने प्रवेशाच्या मोबदल्यात पैसे घ्यायला बंदी करणारा कायदा केला, तो आजही लागू आहे, आणि तो माहीत नसलेला संस्थाचालक शोधून सापडणार नाही. पैसे घेणाऱ्याने पावतीवरचे नाव बदलले, इतकाच फरक पडला. दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या पाड्यांवर अन् रानातल्या वस्त्यांवर पहिलीच्या मुलाला ओढा ओलांडून जायला लागत होते. २००० च्या सुमारास सरकारने तिथे वस्तीशाळा काढल्या; गावातल्याच शिकलेल्या तरुणाला अत्यल्प मानधनावर बसवून झाडाखाली, समाजमंदिरात, कोणाच्या गोठ्यालगतच्या खोलीत वर्ग भरू लागले. मोजणीच्या दृष्टीने शाळा मुलाच्या दारात आली होती. शहरात दारातली शाळा मुलाला घेत नव्हती.

या दोन टोकांना एका कायद्यात बांधायचा प्रयत्न म्हणजे २००९ चा शिक्षणहक्क कायदा. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा हक्क मानला, २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. त्याच्या नियमांत ते आपले जुने अंतर पुन्हा भेटते : पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत. पण आता बोट उलटे फिरले होते. शाळा लांब असली तर बापाला माफी, हा १८७० चा आणि १९११ चा अर्थ. शाळा लांब असली तर सरकार दोषी, हा २०१० चा. कलम १३ ने प्रवेशासाठी वेगळे पैसे घ्यायला आणि मुलाची किंवा पालकाची चाचणी घ्यायला बंदी केली. चाचणी घेतल्यास पहिल्या खेपेला २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ५० हजार रुपयांपर्यंत दंड. कलम १२ ने खासगी विनाअनुदानित शाळांवर पहिलीच्या निदान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखण्याचे बंधन घातले. त्यांची फी ठरावीक दराने सरकार भरणार. अनिल सदगोपालांसारख्या अभ्यासकांनी तेव्हाच बजावले होते की, चार मुले उचलून खासगी शाळेत बसवणे आणि सगळ्या शाळा समान करणे यांत फार अंतर आहे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तरी १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून, ही तरतूद वैध ठरवली, आणि कोठारी आयोगाच्या अहवालात चाळीस-पंचेचाळीस वर्षे पडून राहिलेल्या परिसराला पहिल्यांदा दंडाचे पाठबळ मिळाले.

महाराष्ट्रात या २५ टक्क्यांची प्रक्रिया ऑनलाइन आली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. पालक बहुधा सायबर कॅफेत किंवा एखाद्या कार्यकर्त्याच्या मोबाइलवर अर्ज भरतो. नकाशा उघडतो आणि त्यावर एक लाल फुगा असतो. तो बरोबर आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. सूचनांमध्ये या बलूनची जागा जास्तीत जास्त पाचच वेळा निश्चित करता येईल अशी ताकीदही दिलेली असे. झोपडपट्टीच्या नकाशावर गल्ली दिसत नाही, तेव्हा फुगा अंदाजाने ठेवावा लागतो, आणि दोनशे मीटरच्या चुकीने मूल पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत जाते. कारण शाळा दोन गटांत समोर येतात, एक किलोमीटरच्या आतल्या आणि एक ते तीनमधल्या. त्यांतून कमाल दहा निवडायच्या. मग राज्यभराची एकच सोडत निघते, निवड यादी लागते, प्रतीक्षा यादी लागते, मोबाइलवर संदेश येतो, आणि पालक रेशनकार्ड, वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार, जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन पडताळणी समितीपुढे उभा राहतो. भाड्याने राहणाऱ्या मोलकरणीला घरमालक करार नोंदवून देत नाही, म्हणून लागलेला नंबर हातचा जातो. उलट सुखवस्तू घरांतून खोटे पत्ते आणि खोटे भाडेकरार दिल्याची प्रकरणेही काही ठिकाणी पोलिसांपर्यंत गेली.

अंतरावर प्रवेश ठरवला की अंतरच विकत घेतले जाते, हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. दिल्लीत शालेय प्रवेशांसाठी नेमलेल्या गांगुली समितीच्या शिफारशींनंतर नर्सरीच्या प्रवेशाला गुणपद्धत आली आणि डिसेंबर २०१३ मध्ये तर १०० पैकी ७० गुण आठ किलोमीटरच्या आत राहण्याला दिले गेले. लगेच पत्त्यांचा बाजार आणि कोर्टकज्जे सुरू झाले. इंग्लंडमध्ये चांगल्या शाळेजवळची घरे महाग झाली, तेव्हा ब्रायटनच्या नगरपालिकेने २००७ मध्ये ठरवले की, क्षेत्रातल्या अर्जांपुढे जागा कमी पडल्या तर मीटर मोजण्याऐवजी चिठ्ठ्या टाकायच्या. तिथे त्यावरून मोठे वादळ उठले. आपल्याकडे सोडत म्हाडाच्या घरांमुळे अंगवळणी पडलेली, त्यामुळे ती विशेष तंटा न होता रुजली. सोडत आंधळी असते, ही तिच्यावरची तक्रार. मला तो तिचा गुण वाटतो. आमदाराच्या पत्राला तिथे काही किंमत राहत नाही.

यानंतर किलोमीटरने आणखी एक वळण घेतले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलले : ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिच्यावर २५ टक्क्यांचे बंधन राहणार नाही. कर्नाटकाने हा मार्ग २०१९ पासून धरला होता. सरकारची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांचा पट घसरत होता, २५ टक्क्यांतल्या मुलांच्या फीच्या प्रतिपूर्तीची थकबाकी वाढत होती, आणि आपल्याच शाळा ओस पडत असताना खासगी शाळांना मुलांसोबत पैसे का पाठवायचे, हा प्रश्न रास्त होता. पण शहरात असा एक किलोमीटर सापडतो कुठे की ज्यात पालिकेची नाहीतर अनुदानित शाळा नाही? बंधन कागदावर राहिले आणि शाळा त्यातून सुटल्या. पालकांनी अर्ज उघडला तर यादीत बहुतेक त्याच शाळा, जिथे अर्जाशिवायही प्रवेश मिळतो. अर्जांचा ओघ आटला. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी बदलाला स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य आणि मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात घालायला नकार दिला. बापाच्या बचावासाठी जन्मलेला मैल, ज्याला आयोगाने समाज जोडायला घेतले, तो दीडशे वर्षांनी मुलाला अडवायला वापरला गेला होता.

आता हिशेब करायचा तर तो एका शाळेपुरता करून पाहू. पहिलीच्या ४० जागा असलेल्या शाळेत दहा मुले सोडतीने येतात. त्यांचे पत्ते तपासले जातात, दाखले तपासले जातात, यादी संकेतस्थळावर लागते, प्रतीक्षा यादीतला क्रमही सर्वांना दिसतो. उरलेली तीस मुले कोणत्या क्रमाने आली, किती अर्ज होते, कोण कशावरून वगळले गेले, याची यादी लावण्याची रीत बहुसंख्य शाळांत नाही. कायद्याचे कलम १३ मात्र चाळिसांनाही सारखेच लागू आहे. मुलाखत आणि देणगी तीस जागांसाठीही गुन्हाच आहे. पारदर्शकतेचा सारा भार आपण गरीब पालकावर टाकला आणि फी भरणाऱ्याला बंद दाराची सवलत दिली, असा या रचनेचा अर्थ होतो, आणि तो न्याय्य नाही. १८५८ मध्ये सरकारने मदत घेणाऱ्या शाळेला दाराचा हिशेब मागितला होता. आज सवलतीची जमीन, करमाफी आणि मान्यतेचा शिक्का घेणाऱ्या शाळेला पूर्ण चाळीस जागांची यादी, अर्जांची संख्या आणि निवडीचा निकष फलकावर लावायला सांगणे हे शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाचे काम आहे. ते निघेपर्यंत पालकांनी प्रवेशाच्या वेळी शाळेकडे ही यादी लेखी मागावी आणि अर्जाची पोच घ्यावी.